रायफल नेमावर लागत नाहीये? स्कोपला शिव्या घालण्याआधी हे तपासा

मागच्या वेळी शंभर मीटरवर बरोबर मधोमध लागत होती, आणि आज तीच रायफल, तीच काडतुसं, तोच माणूस, आणि गोळी बारा सेंटीमीटर उजवीकडे. असं झालं की आपण पहिलं काय करतो? टरेटची, म्हणजे स्कोपवरच्या (रायफलच्या दुर्बिणीवरच्या) नेम सरकवायच्या बटणाची, टोपी काढतो आणि क्लिक मारायला, म्हणजे ते एकेक खाच फिरवायला लागतो. दोन गोळ्या झाडायच्या, चार क्लिक डावीकडे, परत दोन झाडायच्या, आता खाली गेली, म्हणून सहा क्लिक वर... तासाभराने काडतुसांचा डबा रिकामा आणि मूळ झिरो (नेम आणि गोळी एका जागी पडतात ती जुळवणी) कुठे होता ते पण आठवत नाही. मी हे बऱ्याच वेळा केलंय म्हणून सांगतोय, टरेटला सगळ्यात शेवटी हात लावायचा. आधी बाकीचं तपासायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि रायफल सुधारली, तर नक्की कशाने सुधारली ते कधीच कळणार नाही, आणि पुढच्या वेळी परत तिथेच याल.

सुरू करण्याआधी नेहमीचं, पण लिहितोच. स्क्रूला पान्हा लावायच्या आधी मॅगझीन बाहेर, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालून पण बघायचं. घरी टेबलावर काम करताना काडतुसं त्या खोलीतच नकोत.

पहिलं काम: ग्रुप वाचा

नवीन टार्गेट लावा, रायफल पुढे-मागे पिशव्यांवर नीट टेकवा, आणि एकाच बिंदूवर नेम धरून पाच गोळ्या झाडा. त्या पाच भोकांचा गठ्ठा म्हणजे ग्रुप. मधे टरेटला हात नाही. पहिली बाहेर गेली तरी नाही. तीन गोळ्यांच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका, तीन गोळ्या नशिबाने पण जवळजवळ बसतात आणि नशिबानेच फाकतात. शंका असेल तर पाच-पाचचे दोन ग्रुप काढा, मधे बॅरल थंड होऊ द्या.

आता कागद काय सांगतो ते बघा. पाचही भोकं एकमेकांजवळ आहेत पण भलत्याच जागी, तर खुश व्हा, रायफल ठीक, स्कोप बहुतेक ठीक, तुम्ही पण ठीक, फक्त झिरो सरकलाय. तो का सरकला ते शोधायचं (धक्का बसला, काडतूस बदललं, स्क्रू ढिला झाला) आणि मग क्लिक मारायचे. दोन वेगवेगळे गठ्ठे दिसले, म्हणजे तीन इकडे आणि दोन तिकडे, तर काहीतरी दोन जागांमधे हलतंय. ढिला बेस, ढिली रिंग (स्कोप रायफलीला धरणारे भाग), दस्त्यात नीट न बसलेली ॲक्शन (बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा भाग), नाहीतर स्कोपच्या आतली यंत्रणा. हा नमुना मला सगळ्यात आवडतो कारण यात दोष यांत्रिक असण्याची शक्यता फार असते आणि तो सापडतो.

भोकं उभ्या रेषेत असतील तर बॅरल तापणं, बॅरल लाकडाला टेकणं, श्वास, किंवा काडतुसांच्या वेगातला फरक. आडव्या रेषेत असतील तर वारा, ट्रिगर ओढायची पद्धत, गाल दर वेळी वेगळ्या जागी टेकणं. सगळीकडे विखुरली असतील तर मात्र काहीही असू शकतं आणि खालची सगळी यादी क्रमाने करावी लागेल. आणि एखादं भोक गोल न दिसता लांबट, आडवं फाटल्यासारखं दिसलं तर स्कोप विसराच, गोळी हवेत स्थिर राहत नाहीये. .२२३ ची जुनी बॅरल, आतल्या पिळाचा १२ इंचात एक फेरा असलेली, आणि त्यात ७५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) लांब गोळी घातली की असंच होतं. हलकी गोळी घ्या, विषय संपला.

स्क्रू, स्क्रू आणि परत स्क्रू

इथे वेळ घालवा, बाकी सगळ्यापेक्षा जास्त. रायफल आणि स्कोप यांच्यामधे जो बेस आणि ज्या रिंगा असतात त्या म्हणजे दोन महाग वस्तूंना जोडणारी स्वस्त वस्तू, आणि लोक तिथेच पैसे आणि कष्ट दोन्ही वाचवतात.

माझाच किस्सा सांगतो. एका रायफलवर स्कोप लावला, छान झिरो झाला, दहा गोळ्यांनंतर गेला. परत झिरो केला, परत गेला. रिंगचे स्क्रू तपासले, घट्ट. बेसचे तपासले, घट्ट. मग अर्थातच स्कोप खराब ठरवला आणि दुसरा लावला, तो पण तसाच वागला. दोन महिने आणि बरीच काडतुसं गेल्यावर एकदा सगळं उघडलं तेव्हा कळलं की बेसचा सगळ्यात पुढचा स्क्रू अर्ध्या फेऱ्याने लांब होता. भोकाच्या तळाला बॅरलच्या आट्यांवर जाऊन टेकत होता, म्हणून हाताला घट्ट लागत होता, पण बेसला धरतच नव्हता. पुढचे आणि मागचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे येतात आणि मी बसवताना त्यांची अदलाबदल केली होती, म्हणजे चूक माझीच. यावर सोपी परीक्षा आहे. बेस न ठेवता नुसता स्क्रू भोकात हाताने फिरवा आणि तो कितपत आत जातो ते मोजा, मग स्क्रूच्या लांबीतून बेसची जाडी वजा करा, उरलेली लांबी त्या मापापेक्षा कमी हवी. उलटा प्रकार पण होतो, लांब स्क्रू आत डोकावतो आणि बोल्ट बंद होताना अडकतो. तेव्हा बेस बसवल्यावर बोल्ट दोन-चार वेळा पुढे-मागे करून बघायचाच.

तर क्रम असा. स्कोप काढा, रिंगा काढा, बेस काढा. सगळे स्क्रू, भोकं आणि बेसची खालची बाजू तेल निघेल अशा सॉल्व्हंटने पुसा, कारखान्यातून येताना तिथे तेल असतंच. बेस कोरडा ठेवून चारही कोपऱ्यांना बोटाने दाबा, डुगडुगतोय का. डुगडुगत असेल तर स्क्रू कितीही आवळा, एक तर बेस वाकणार नाहीतर परत ढिला होणार. मग स्क्रू लावा, आळीपाळीने थोडे थोडे आवळा, टॉर्क (आवळायचा जोर) दाखवणाऱ्या पान्ह्याने. हा पान्हा विकत घ्याच, अंदाजपंचे आवळण्याने जितके स्कोप बिघडलेत तितके पडून बिघडले नसतील असं मला वाटतं. रिंगच्या वरच्या पट्टीच्या स्क्रूंना बऱ्याच कंपन्या १५ ते १८ इंच-पाउंड सांगतात, म्हणजे साधारण १.७ ते २ न्यूटन-मीटर. तुमच्या रिंगच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच धरा, आणि स्कोपच्या कंपनीने कमी सांगितला असेल तर जो कमी तो.

जास्त आवळलं तर काय होतं? स्कोपची नळी ॲल्युमिनियमची असते, ती चिमटली जाते. आतली छोटी नळी, जी टरेट ढकलतो, ती अडखळायला लागते, झूम जड फिरतं, क्लिक मारला तरी गोळी जागची हलत नाही आणि पाच गोळ्यांनंतर एकदम उडी मारते. बाहेरून काहीच दिसत नाही. स्कोप काढल्यावर नळीवर खोल वळ दिसला तर समजा.

निळं, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) बेसच्या स्क्रूंना एक थेंब चालतं. रिंगच्या वरच्या स्क्रूंना मी लावत नाही, कारण ओल्या आट्या सहज फिरतात आणि त्याच टॉर्कला पकड जास्त बसते, म्हणजे परत नळी चिमटली. शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या धातूवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा, आणि स्कोपच्या नळीवर रिंगच्या कडेला चिकटपट्टी लावा. वीस गोळ्यांनंतर बघा. रेघ तुटली तर स्क्रू फिरला, पट्टी आणि रिंग यांच्यात फट पडली किंवा पट्टी रिंगखाली सरकली तर स्कोप घसरतोय. फुकटातली परीक्षा आहे, आणि महिनाभराचं डोकं खाणं वाचवते.

दस्ता आणि बॅरल

ॲक्शनला दस्त्यात धरणारे दोन-तीन स्क्रू खालून असतात, ते पण तपासा. लाकडी दस्ता हवेतल्या ओलाव्याने फुगतो आणि आकसतो, त्यामुळे ऋतू बदलला की तिथला ताण बदलतो. एक परीक्षा, पुढचा स्क्रू हळूहळू ढिला करताना दुसऱ्या हाताचं बोट बॅरल आणि दस्ता यांच्या सांध्यावर ठेवा. बॅरल उचलल्यासारखी वाटली तर बेडिंग नीट नाही, म्हणजे ॲक्शन ताणाखाली वाकून बसलीय.

बॅरल मोकळी ठेवलेली रायफल असेल तर कागदाची पट्टी बॅरल आणि दस्त्याच्या मधून पुढून मागे सरकवत न्या. मधे अडली तर तिथे बॅरल टेकतेय, आणि तापल्यावर तिथूनच ढकलली जाणार. काही रायफलींमधे मात्र टोकाशी मुद्दाम टेकू दिलेला असतो, तो दिसला म्हणून लगेच घासून काढू नका. आणि पिशवीवर टेकवताना दस्ता टेकवायचा, बॅरल नाही. बॅरल टेकवून झाडलेल्या गोळ्यांवरून कुठलाही निष्कर्ष काढू नका.

डोळा, फोकस आणि पॅरलॅक्स

स्कोपच्याच मागच्या टोकाला, डोळ्याकडे फिरवायची रिंग असते ती फक्त रेटिकल, म्हणजे आतली फुली, तुमच्या डोळ्याला स्पष्ट दिसण्यासाठी असते. लोक ती फिरवून टार्गेट स्पष्ट करत बसतात. आकाशाकडे किंवा कोऱ्या भिंतीकडे (सूर्याकडे चुकूनही नाही) बघा, डोळा मिटा, उघडा, पहिल्या क्षणाला फुली काळीकुट्ट आणि तीक्ष्ण दिसली पाहिजे. जास्त वेळ बघत राहिलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. जमलं की तिथेच सोडा.

पॅरलॅक्स म्हणजे फुली आणि टार्गेटची प्रतिमा एकाच पातळीवर नसणं. रायफल पिशव्यांवर पक्की ठेवा, हात न लावता डोकं थोडं वर-खाली, डावी-उजवीकडे करा. फुली टार्गेटवर पोहल्यासारखी सरकली तर पॅरलॅक्स आहे. बाजूला फिरवायचं बटण असेल तर सरकणं थांबेपर्यंत फिरवा, त्यावर छापलेल्या आकड्यांकडे फार लक्ष देऊ नका. बटण नसेल तर कंपनीने तो एका अंतराला बसवलेला असतो, सेंटरफायरच्या (बुडाच्या मधोमध मार बसणाऱ्या काडतुसांच्या) बऱ्याचशा स्कोपमधे १०० यार्डांना आणि .२२ रिमफायरच्या (बुडाच्या कडेवर मार बसणाऱ्या छोट्या काडतुसांच्या) स्कोपमधे ५० च्या आसपास.

पण खरं सांगू का, शिकारीच्या अंतरावर पॅरलॅक्सला उगाच फार बदनाम करतात. ४० मिलिमीटरच्या पुढच्या काचेचा, १०० मीटरला बसवलेला स्कोप २०० मीटरवर तुमचा डोळा अगदी काठावर असला तरी जास्तीत जास्त दोनेक सेंटीमीटर चुकवतो. ग्रुप वीस सेंटीमीटरचा येत असेल तर कारण दुसरीकडे आहे. गाल मात्र दर वेळी एकाच जागी टेकला पाहिजे, आणि स्कोप पुढे-मागे अशा जागी हवा की मान न ताणता पूर्ण गोल चित्र दिसेल, कडेला काळी सावली नाही. डोळा आणि काच यांच्यात साधारण ९ सेंटीमीटर अंतर लागतं, फार जवळ बसवलात तर मोठ्या बोअरची रायफल भुवईवर अर्धचंद्र काढून देईल.

फुली तिरकी असण्याचं पण बघा. लांब दोरीला वजन बांधून टांगा, रायफल सपाट धरा आणि उभी रेघ दोरीशी जुळवा. जवळ याने काही बिघडत नाही, पण लांबवर गोळी पडते ती भरून काढण्यासाठी ६० सेंटीमीटर वर घेतलंत आणि फुली ५ अंश तिरकी असेल, तर गोळी बाजूला ५ सेंटीमीटर जाणार. १०० ला बरोबर आणि ३०० ला नेहमी एकाच बाजूला, अशी तक्रार असेल तर आधी हेच तपासा.

आता स्वतःकडे

हा भाग कोणालाच आवडत नाही. मित्राला सांगा की मॅगझीनमधे तुम्हाला न दाखवता एखादं डमी काडतूस मिसळ. डमीवर ट्रिगर ओढला की आवाज होत नाही आणि तुम्ही बॅरल केवढी खाली दाबलीत ते दोघांना पण दिसतं. मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा लाज वाटली होती. उपाय म्हणजे ड्राय फायरिंग (रिकाम्या रायफलीचा ट्रिगर ओढण्याचा सराव), कान डबल झाकणं आणि जास्त धक्का देणाऱ्या रायफलीवर एका दिवसात दहा-पंधरा गोळ्यांवर थांबणं. आणि सगळ्यात सोपी परीक्षा, तुमच्यापेक्षा बऱ्या नेमबाजाला तीच रायफल द्या. त्याचा ग्रुप छोटा आला तर पान्हा बाजूला ठेवा.

बेंचवर बायपॉड (रायफलीच्या पुढचे दोन पाय) कडक लाकडावर उसळतो, खाली काहीतरी मऊ टाका किंवा सरळ वाळूची पिशवी घ्या. पट्टा अडकवायची कडी पिशवीला आपटते का ते पण बघा.

वाऱ्याबद्दल एवढंच, १५ किलोमीटर वेगाचा आडवा वारा .३०८ ला १०० मीटरवर साधारण दोन सेंटीमीटर ढकलतो, पण .२२ रिमफायरला दहाच्या वर. त्यामुळे .२२ शंभर मीटरवर वाऱ्यात झिरो करत बसू नका.

काडतूस आणि नळी

काडतुसाची कंपनी, गोळीचं वजन, कधीकधी नुसती बॅच बदलली तरी झिरो बदलतो. ही बिघाडाची खूण नाही, रायफलीचा स्वभाव आहे. दोन-तीन प्रकारची काडतुसं घेऊन प्रत्येकाचा पाचचा ग्रुप काढा, रायफल स्वतःच सांगेल तिला काय आवडतं, आणि मग एकाच बॅचचे डबे साठवा.

स्वच्छ, तेल लावलेल्या नळीतून (म्हणजे बॅरलमधून) पहिली गोळी बऱ्याचदा वेगळीकडे जाते, म्हणून पुसल्यावर दोन-तीन झाडून मगच ग्रुप मोजा. उलट कधीच न पुसलेली नळी तांब्याने माखते आणि ग्रुप हळूहळू फाकत जातो, त्याला तांबं काढणारा सॉल्व्हंट लागतो, नुसतं तेल नाही. नळीच्या तोंडाची कड बघा, कापसाची काडी आतून बाहेर फिरवत आणा, धागे अडकले तर कड दुखावलीय आणि ते काम गनस्मिथचं. शिकारीची बॅरल पातळ असते, तीन-चार गोळ्यांत तापते आणि तापली की सरकते, हाताला आरामात धरवेल इतकी थंड होईपर्यंत थांबा.

एवढं करून पण नाही जमलं, तर स्कोप

आता त्याचा नंबर. सोपा मार्ग अदलाबदलीचा. खात्रीचा स्कोप या रायफलीवर लावा, किंवा हा स्कोप खात्रीच्या रायफलीवर. त्रास स्कोपबरोबर गेला की रायफलीबरोबर राहिला, एवढंच बघायचं.

दुसरा स्कोप नसेल तर चौकोनाची परीक्षा. मोठा कागद लावा, १०० मीटर, नेम कायम एकाच बिंदूवर. एक गोळी झाडा, वीस क्लिक वर, एक झाडा, वीस उजवीकडे, एक, वीस खाली, एक, वीस डावीकडे आणि पाचवी. पाचवी पहिलीच्या जवळ पडली पाहिजे. पाव एमओएचे (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) क्लिक असतील तर चौकोनाची बाजू साधारण साडेचौदा सेंटीमीटर यायला हवी. तुमचा ग्रुपच मुळात पाच सेंटीमीटरचा असेल तर प्रत्येक कोपऱ्यावर तीन-तीन झाडा, नाहीतर स्कोप चुकला की ग्रुप ते कळणार नाही.

गोळ्या न झाडता पण करता येतं. रिकामी रायफल शिकंज्यात मऊ कापड लावून पक्की धरा, मोजून १०० मीटरवर उभी पट्टी लावा, चाळीस क्लिक वर फिरवा, फुली पट्टीवर २९ सेंटीमीटर खाली उतरली पाहिजे. मग परत चाळीस मागे, तिथेच आली पाहिजे. अंतर टेपने मोजा, १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, यार्ड-मीटरच्या घोळात चांगला स्कोप नापास करू नका.

क्लिक मारल्यावर लगेच फरक नाही आणि दोन गोळ्यांनंतर अचानक फरक, आणि रिंगा जास्त आवळलेल्या नसतील, तर आतली स्प्रिंग थकलीय. जुने लोक टरेटवर काडतुसाने टकटक करायचे ते याचसाठी. टोपी फिरते पण आत काही होत नाही, तर टोपीचा बारीक स्क्रू ढिला आहे का बघा, हा दोष घरच्या घरी जातो. आतून धुकं धरत असेल तर सील गेलंय आणि आतला नायट्रोजन निघून गेलाय, तो कंपनीकडे पाठवा, स्वतः उघडू नका. टरेट एका बाजूला पूर्ण संपला तरी झिरो होत नाही, तर बहुतेक बेस किंवा रिंगा वाकड्या बसल्यात. एअर रायफलवाल्यांसाठी, स्प्रिंगच्या एअर रायफलीचा धक्का मागे आणि पुढे दोन्हीकडे असतो, त्याने मोठमोठ्या सेंटरफायरला टिकलेले स्कोप पण खिळखिळे होतात, त्या कामासाठी बनवलेलाच घ्या.

शेवटी परत झिरो

बोल्ट काढून नळीतून २५ मीटरवरचा ठिपका बघा, रायफल न हलवता फुली त्यावर आणा. लेझर बोअरसायटर (नळीत बसवून लेझरचा ठिपका पाडणारा दिवा) वापरलात तर झाडायच्या आधी तो काढल्याची दोनदा खात्री करा, नळीत अडकलेल्या वस्तूवर गोळी झाडली तर रायफल फुटते. २५ वर पाव एमओएचा एक क्लिक म्हणजे फक्त १.८ मिलिमीटर, त्यामुळे चार सेंटीमीटर खाली लागली तर बावीस क्लिक लागतील, चार-पाच मारून "स्कोप हलतच नाही" म्हणू नका. बहुतेक सेंटरफायरना २५ वर सव्वा-दीड सेंटीमीटर खाली ठेवलं की १०० वर कागद सापडतो. तिथे एक क्लिक सात मिलिमीटरच्या जरासा वर, ०.१ मिलचा (मिल हे कोनाचं दुसरं माप) स्कोप असेल तर बरोबर एक सेंटीमीटर. पाचच्या ग्रुपचा मध्य काढा आणि मध्यावरून मोजा, एकेका भोकाच्या मागे लागू नका. बारा सेंटीमीटर उजवीकडे, म्हणजे सोळा-सतरा क्लिक डावीकडे, एकाच दमात.

झूमच्या बाबतीत, फुलीवर खालच्या खुणा असलेला आणि फुली दुसऱ्या फोकल प्लेनमधे असलेला (म्हणजे झूम बदललं तरी फुली तेवढीच दिसते असा) स्कोप असेल, तर त्या खुणा एकाच झूमला खऱ्या असतात, बहुधा सगळ्यात जास्तीला. कमी झूमवर त्यावरून नेम धरला तर चुकणारच.

आणि एक काम उरतं, जे मी शिकारीच्या हंगामाआधी करतो. चार-पाच वेगवेगळ्या दिवशी, बॅरल पूर्ण थंड, फक्त एक गोळी, तोच कागद दर वेळी लावून. रानात जनावरावर झाडायची ती हीच थंड बॅरलची पहिली गोळी असते, पाचवी नाही. त्या कागदावर तारीख, तापमान आणि काडतुसाची बॅच लिहून ठेवतो, टरेटचा झिरो पण लिहितो, आणि कागद रायफलीच्या पेटीतच ठेवतो. प्रवासात पेटी आपटली अशी शंका आली की पोचल्यावर अशीच एक गोळी झाडायची, ती जुन्या भोकांत पडली तर टोपी उघडायचीच नाही.